पर्जन्यमापकातलं मचूळ पाणी

"किती झालं? कासिवा, किती झालं? अगं, तोंड शिवलंय का तुझं?"

किथेका तारेच्या कुंपणावर अर्धा आत, अर्धा बाहेर असा लोंबकळत होता. सुट्टी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि सकाळी नऊचं पाणी मोजून झालं की लगेच नदीच्या कोरड्या पात्रात फुटबॉल खेळायला पळायचं, असा त्याचा बेत होता.

"गप्प बस रे! मोजताना बोलायचं नाही, सरांनी सांगितलंय." कासिवाने पर्जन्यमापकातली काचेची नळी डोळ्यांच्या रेषेत धरली, एक डोळा मिटला आणि पाणी कुठल्या रेघेला टेकतंय ते नीट पाहिलं. "सात! सात मिलिमीटर!"

"म्हणजे सगळे मिळून?"

कासिवाने वही उघडली. सोमवारी सहा, मंगळवारी आठ, बुधवारी सात आणि आज गुरुवारी सात. तिने बोटांवर दोनदा बेरीज केली. 

"अठ्ठावीस!"

"पंचवीसच्या वर! घंटा!" किथेकाने कुंपणावरून उडी मारली. त्याच्या चड्डीचा एक तुकडा तारेलाच राहिला, पण त्याला भान कुठे होतं! तो शाळेच्या व्हरांड्याकडे सुसाट धावला.

"अरे थांब, मला आधी लिहू तर दे!"

पण थांबेल तो किथेका कसला! व्हरांड्यात ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग टांगलेली होती. त्याने पहार उचलली आणि रिंग बडवायला सुरुवात केली. ठाण्! ठाण्! ठाण्! तो आवाज क्यामुम्बा गावाच्या पाचही वाड्यांवरून घुमत पलीकडच्या डोंगराला जाऊन धडकला.

त्या आवाजाचा अर्थ क्यामुम्बात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पाच दिवसांत पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला की घंटा वाजवायची, आणि घंटा वाजली की पेरणी करायची. त्याआधी कोणीही दाणा मातीत टाकायचा नाही. शाळा चालू असताना पाणी मोजण्याचं काम म्बिथी सर करायचे. सुट्टीत गावी जाताना त्यांनी कुंपणाची किल्ली आणि वही सातवीतल्या कासिवाच्या हातात दिली होती. "आकडा दिसेल तोच लिहायचा. एक रेघ कमी नाही, एक रेघ जास्त नाही," एवढंच ते म्हणाले होते.

कासिवा वही मिटणार, एवढ्यात मागून आवाज आला, "शी! शी! थू!"

तिची आठ वर्षांची बहीण वायुआ हातात रिकामी नळी धरून तोंड वेडंवाकडं करत उभी होती.

"वायुआ! तू पाणी प्यायलीस?"

"तहान लागली होती. तू नाहीतरी ओतूनच देतेस ना! पण ताई, हे मचूळ आहे. बोअरच्या पाण्यासारखं!"

"काहीतरीच बोलू नकोस. पावसाचं पाणी कधी मचूळ असतं का?"

"मग चाटून बघ!"

नळीच्या तळाशी थेंबभर पाणी राहिलं होतं. कासिवाने ते बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. तिने बोट पुन्हा चाटलं. क्यामुम्बातल्या माणसाला डोळे बांधून पाणी पाजलं तरी तो सांगेल की ते कुठलं आहे. नदीच्या वाळूत झरा खणून काढलेलं पाणी गोड लागतं. पावसाच्या पाण्याला काही चवच नसते. आणि बोअरचं पाणी असं असतं, की त्याचा चहा केला तर पाहुणा परत येत नाही. ते बकऱ्यांना पाजायचं नाहीतर कपडे धुवायला वापरायचं.

नळीतलं पाणी बोअरचं होतं!

"किथेका! थांबव! थांबव ती घंटा!"

पण आता उशीर झाला होता. पायवाटांवरून माणसं धावत येत होती. बायकांच्या खांद्यावर कुदळी होत्या, पाठीला बांधलेली तान्ही पोरं धावण्याने हिंदकळत होती. कोणी गात होतं, कोणी टाळ्या पिटत होतं. मुखिया मुसिली आपली रुंद काठाची टोपी सावरत आला आणि त्याने कासिवाला चक्क उचलून व्हरांड्याच्या कट्ट्यावर उभं केलं.

"किती गं पोरी?"

"अठ्ठावीस, मुखियाकाका. पण..."

"अठ्ठावीस!" मुखिया गरजला. सगळ्यांनी एकच जल्लोष केला. "मी म्हणत नव्हतो? चार रात्री पश्चिमेला वीज चमकतेय! आपल्या वाडीवर नसेल पडला, पण इथे पडला ना! उद्या सकाळी बियाचे माठ उघडायचे!"

"काका, पण ते पाणी..."

"आता पण नाही नि बिण नाही! गेल्या वर्षी 'थांबू या, थांबू या' करत बसलो आणि अर्धा हंगाम हातचा गेला. उद्या म्हणजे उद्या!"

कासिवाचा आवाज त्या गोंगाटात बुडून गेला. तिला रडूच यायला लागलं. आकडा तिने लिहिला होता. तिच्या आकड्यावर सगळं गाव नाचत होतं.

फक्त एक बाई नाचत नव्हती. कतुंबीमावशी गर्दीच्या कडेला उभी राहून कासिवाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

कतुंबीमावशीला पाचही वाड्या मानायच्या, आणि त्याला तसंच कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पहिली सर आली तशी सगळ्यांनी पेरणी उरकून टाकली होती. मग तीन आठवडे आकाशातून एक थेंब पडला नाही. बोटभर उगवलेला मूग जागच्या जागी करपला. घराघरात बी संपलं. त्या वेळी ही बाई पाठीला टोपली बांधून निघाली. दूरदूरची गावं पालथी घालून, ओळखीपाळखीच्या बायकांकडून मूठमूठ मागत तिने पासष्ट दिवसांत पिकणारा मूग गोळा केला. तो एका लहानशा तुकड्यात वाढवला, पुन्हा वाढवला. आता त्याचे सात माठ भरले होते. तोंडाशी राख घालून, वर शेणाने लिंपून ते तिच्या कोठारात ठेवलेले होते. पर्जन्यमापकही तिच्याच खटपटीने आला होता. 'पाऊस हल्ली आजोबांच्या वेळच्यासारखा वागत नाही, मग आपण तरी आजोबांच्या वेळच्यासारखं का वागायचं?' असं तिने भर सभेत विचारलं होतं.

सात माठ. त्यापलीकडे क्यामुम्बात मुगाचा एक दाणा नव्हता.

"बोल," गर्दी पांगल्यावर कतुंबीमावशी म्हणाली. "तुझा चेहरा असा का झालाय?"

कासिवाने सगळं सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पाणी कुठे आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हिच्या पोटात!" किथेका म्हणाला. "पुरावाच पिऊन टाकलाय हिने!"

"मी नसते प्यायले तर तुम्हाला कळलं तरी असतं का?" वायुआ फणकारली.

मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलं. "हे बघ कासिवा, मुखिया म्हणतो तेही खोटं नाही. पाऊस खरंच झाला असेल आणि आपण बसून राहिलो, तर हंगाम हातचा जाईल. झालाच नसेल आणि आपण पेरलं, तर बी जाईल. मी उद्या दुपारपर्यंत माठांना हात लावू देणार नाही. ते मी बघून घेईन. पण दुपारी तू मला काहीतरी दाखवायला हवंस. 'मला असं वाटतं' एवढ्यावर पाच वाड्या थांबायच्या नाहीत."

"दाखवीन," कासिवा म्हणाली. कसं दाखवणार, हे मात्र तिला अजिबात ठाऊक नव्हतं!

फुटबॉलचा बेत केव्हाच मागे पडला. तिघं पर्जन्यमापकाशेजारी फतकल मारून बसली.

"कोणीतरी मुद्दाम पाणी ओततंय," किथेका डोळे बारीक करून म्हणाला. "शत्रू! नक्की पलीकडच्या गावाचा हेर!"

"कुंपणाला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे. हेर काय हवेतून येतो?"

"ताई, मग पाणीच हवेतून येत असेल!" वायुआ म्हणाली.

किथेका खो खो हसला. कासिवा मात्र एकदम ताठ बसली. "परत म्हण!"

"काय? पाणी हवेतून येत असेल?"

"बरोबर! कुठून तरी उडत येतंय. किथेका, पाऊस पडतो तेव्हा इथे ठेवलेला डबा आणि तिथे ठेवलेला डबा सारखेच भरतात ना? पण पाणी जर एका बाजूने उडत येत असेल, तर?"

"तर..." किथेका विचारात पडला. मग त्याने मांडीवर थाप मारली. "तर ज्या बाजूने येतंय, त्या बाजूचे डबे जास्त भरणार! डबे आणा! डबे!"

डबे गोळा करण्याचं काम वायुआने अंगावर घेतलं. कोणाला नाही म्हणायची संधी न देता ती घराघरांतून तुपाचे, टोमॅटोचे, रंगाचे असे रिकामे डबे काढून घेऊन आली. एका डब्यात कोंबडीचं पिल्लूही होतं, ते परत करावं लागलं. एकूण सतरा डबे जमले. मापकाला मध्यभागी ठेवून, चार दिशांना चार रांगा करून त्यांनी ते मांडले. एक उरला, तो वायुआने टोपीसारखा डोक्यावर घातला.

"आता इथे बसून राहायचं?" किथेकाने विचारलं.

"नको. तोवर शेतं बघून येऊ. पाऊस झाला असेल तर मातीला कळलं असेलच की."

डोंगराच्या उतारावर चढता चढता तिघांनाही दम लागला. सगळा उतार पायऱ्या कापल्यासारखा बांधांनी कापलेला होता, आणि प्रत्येक पायरीवर ढोपरभर खोल खड्ड्यांच्या रांगा होत्या. तळाशी शेणखत, वर भुसभुशीत माती. पडेल तो थेंब खड्ड्यात थांबावा, वाहून जाऊ नये म्हणून. पाच महिने बायकांनी हे खड्डे खणले होते. कासिवाच्या आईच्या तळहातांना पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. ही शेतं पाहिली की कासिवाला नेहमी अभिमान वाटायचा. आज मात्र ती थेट गुडघ्यांवर बसली.

तिने एका खड्ड्यात हात घातला. बोटभर खाली, दोन बोटं खाली, मनगटापर्यंत खाली. सगळी माती पिठासारखी कोरडी.

दहा खड्डे झाले, वीस झाले, तिसरी वाडी झाली, चौथी झाली. किथेकाची थट्टा हळूहळू बंद पडली. "कासिवा," तो हलकेच म्हणाला, "उद्या इथे बी पडलं तर..."

"पडणार नाही," कासिवा म्हणाली.

तिघं शाळेच्या आवारात परतली तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन उतरलं होतं, जमीन खडखडीत वाळलेली होती. चिटपाखरूही नव्हतं. कासिवा धावत डब्यांपाशी गेली.

पश्चिमेचे डबे कोरडे होते. उत्तरेचे कोरडे. दक्षिणेच्या एकात चार थेंब. आणि पूर्वेचे? पहिल्या डब्यात दोन बोटं पाणी, दुसऱ्यात चार बोटं, तिसऱ्यात त्याहून जास्त, आणि कुंपणालगतचा चौथा तर काठोकाठ भरलेला!

"मचूळ!" वायुआने चवही घेऊन टाकली.

पूर्वेला तारेच्या पलीकडे शेराचं दाट, दीड माणूस उंच कुंपण होतं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. किथेका लांबून वळसा घालून पलीकडे गेला, आणि तिथूनच त्याची आरोळी आली, "कासिवा! इकडे ये! इथे गवत आहे! हिरवंगार!"

चहूकडे सगळं करपलेलं असताना शेराच्या मुळाशी पाटाएवढ्या जागेत हिरवं गवत माजलं होतं. त्याच्यावरून बोअरचा पाइप शाळेच्या टाकीकडे गेला होता, आणि पाइपच्या सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. पट्टीखालून एक थेंब लोंबत होता.

"म्हणजे हा आपला हेर!" किथेका म्हणाला. "पण आत्ता तर काहीच उडत नाहीये."

कासिवाने मान वर केली. बोअरवरचा पंप नवा होता, उन्हावर चालणारा. छपरावर काळ्या काचेच्या पाट्या चमकत होत्या. "ऊन!" ती म्हणाली. "सकाळी ऊन कोवळं, पंप हळू चालतो. संध्याकाळी पुन्हा हळू. भर दुपारी पंपाला जोर चढतो आणि सांध्यातून कारंजं उडतं! शाळा चालू असती तर कोणाच्या तरी डोक्यावर पडलं असतं. सुट्टीत दुपारी इथे असतं कोण? आणि चार वाजेपर्यंत उन्हाने जमीन वाळूनही जाते!"

"असतं कोण म्हणजे? मुल्वाकाका असायला हवेत! पंपाची राखण त्यांच्याकडे आहे!"

मुल्वाकाका कुठे असतात हे साऱ्या गावाला माहीत होतं. दुकानासमोरच्या बाकावर ते बाटल्यांच्या बुचांच्या सोंगट्या मांडून खेळत बसले होते.

"गळतंय? माझा पंप?" त्यांचे डोळे गरागरा फिरले. "अरे, नवा कोरा पंप आहे! दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसतो मी तिथे!"

"पण काका, तुम्ही तर इथे..."

"आत्ताच आलोय! चला, पळा! मोठ्या माणसांना शिकवायला निघालेत!"

मुलं निघाली. जाताना कासिवाने मागे वळून पाहिलं. काका सोंगट्या तशाच टाकून लगबगीने शाळेच्या दिशेने निघाले होते, आणि त्यांच्या हातात ट्यूबची आणखी एक पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाचही वाड्या शाळेच्या आवारात जमल्या. कतुंबीमावशीने सांगून ठेवलं होतं, की माठ उघडायचे तर सगळ्यांच्या देखत, मापकासमोर उघडायचे. सात माठ बाभळीच्या सावलीत ओळीने मांडले होते. त्यांची तोंडं अजून लिंपलेली होती.

"आता कशाची वाट बघायची?" मुखियाने विचारलं. "आकडा लिहिलेला आहे!"

कासिवा पुढे आली. तिने वही उघडून सगळ्यांसमोर धरली. "आकडा मी लिहिला, मुखियाकाका. नळीत दिसला तोच लिहिला. पण तो पावसाचा नाही. मी आधी चव घेतली नाही, माती बघितली नाही, ही माझी चूक. शेतं कोरडी आहेत. बी टाकू नका."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कासिवाने डबे दाखवले, कुठला कुठे ठेवला होता ते सांगितलं. काही बायकांनी पाणी चाखून माना डोलावल्या. पण मुखियाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"डब्यात पोरांनीच पाणी भरलं नसेल कशावरून? मुल्वा, तुझा पंप गळतो का?"

"छे! नवा कोरा आहे!" मुल्वाकाका म्हणाले. "हवं तर सांधा बघा, कसा खडखडीत आहे."

सांधा खरोखरच खडखडीत होता! त्यावर लालभडक नवी पट्टी करकचून बांधली होती. कासिवाचा चेहरा उतरला. पण किथेकाच्या डोळ्यांत खट्याळ चमक होती.

"काकांवर विश्वास ठेवलाच पाहिजे," तो मोठ्याने म्हणाला. "दिवसभर राखण करतात बिचारे! पण काका, एवढी खात्री आहे तर त्या सांध्याखाली बसून दाखवाल? सूर्य डोक्यावर येईपर्यंत? म्हणजे आमची तोंडं कायमची बंद!"

लोक हसायला लागले. "बस की मुल्वा! घाबरतोस काय?"

"घाबरतो कोण!"

"आणि कंटाळा नको यायला म्हणून..." किथेकाने पाठीमागून सोंगट्यांचा पट काढला. तो त्याने सकाळीच दुकानातून मागून आणला होता! "मुखियाकाका, तुम्हीही बसा ना. मुल्वाकाका म्हणतात, त्यांना हरवणारा क्यामुम्बात अजून जन्मायचाय."

"असं म्हणतो हा?" मुखियाने बाह्या सरसावल्या.

झालं! शेराच्या कुंपणापलीकडे, हिरव्या गवतावर पट मांडला गेला. गाव भोवती कोंडाळं करून उभं राहिलं. सूर्य वर चढत होता. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. पंपाची घरघर हळूहळू वाढत होती. मुल्वाकाका पटाकडे कमी आणि पाइपकडे जास्त बघत होते आणि त्यामुळे सारखे हरत होते.

आणि नेमका तेव्हाच ढग आला.

चांगला मोठा, राखाडी ढग सूर्यावर येऊन बसला. ऊन विझलं. पंपाची घरघर मंदावली.

"ढग! बघा, पाऊस येतोच आहे!" कोणीतरी ओरडलं. मुखिया उठून उभा राहिला. "पुरे झाला हा पोरखेळ. कतुंबीताई, दुपार झाली. माठ उघडा."

कासिवाने वर पाहिलं. वर्षभर तिने, तिच्या आईने, सगळ्या गावाने डोळे लावून ढगाची वाट पाहिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ढग नको होता. 'जा ना,' ती मनात म्हणत होती, 'थोड्या वेळासाठी जा, मग हवं तर खूप सारे मिळून या!'

कतुंबीमावशी माठांपाशी गेली. तिने पहिल्या माठावर हात ठेवला. मग ती सावकाश त्याच्या शेजारी खाली बसली आणि तिने पाय लांब केले.

"माझे गुडघे दुखतायत," ती म्हणाली. "जरा टेकते. तेवढा डाव संपवून घ्या मुखिया. हरताय म्हणून उठलात, असं लोक म्हणतील."

"हरतोय? मी?" मुखिया चिडून परत खाली बसला. "ही घे मुल्वा, ही तुझी सोंगटी गेली, आणि ही पण..."

वायुआने कासिवाचा हात घट्ट धरला. ढगाची कड उजळली. मग ऊन एकदम भस्सकन सांडलं, आदल्या दिवसापेक्षाही कडक. पंप घुमायला लागला. लाल पट्टी फुगली. फुगली, आणखी फुगली...

"ही बघ माझी शेवटची चाल!" मुखियाने हात उंचावला.

फट्टाक्! फस्स्स्स!

पट्टी तुटून उडाली आणि सांध्यातून पाण्याचा असा फवारा सुटला की मुखियाची टोपी चार हात लांब जाऊन पडली! मुल्वाकाका उताणे झाले, सोंगट्या चहूकडे उधळल्या. पाण्याची कमान शेराच्या कुंपणावरून पलीकडे गेली आणि तिचा शेपटाकडचा भाग थेट पर्जन्यमापकाच्या तोंडात टपटपायला लागला. सगळ्या गावाने ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

मग भिजलेल्या मुखियाने ओठांवरून जीभ फिरवली.

"मचूळ," तो म्हणाला.

आणि हशाचा असा काही स्फोट झाला की बाभळीवरची पाखरं उडाली! मुखिया स्वतःही हसत सुटला. हसता हसता त्याची नजर सात माठांकडे गेली आणि त्याचं हसू थांबलं. तो उठला आणि ओल्या कपड्यांनिशी कासिवासमोर येऊन उभा राहिला.

"आज माझं ऐकलं असतं तर हे गाव बियाला मुकलं असतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी मुखिया आहे, आणि मी घाई केली. ही तेरा वर्षांची पोर आहे, आणि हिने सगळ्यांसमोर 'माझी चूक' म्हणायची हिंमत केली. मला नसतं जमलं."

मुल्वाकाका खाली मान घालून उभे होते. "पट्टी मीच बांधली होती," ते पुटपुटले. "सांधा गळतोय हे कळवलं तर काम जाईल, अशी भीती वाटली. तिकडे मापक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही हो."

"काम जाणार नाही," कतुंबीमावशी म्हणाली. "पण आज नवा सांधा बसवायचा. आणि उद्यापासून दुपारी पट इथेच मांडायचा, पाइपखाली."

संध्याकाळी कासिवा वही घेऊन मावशीकडे गेली. "ही चार पानं फाडून टाकू का?"

"फाडायची कशाला? प्रत्येक आकड्यापुढे लिही, तो का चुकला आणि तुम्हाला ते कसं कळलं. पुढे ही वही कोणाच्या तरी हातात जाईल. त्यांना आपल्यापेक्षा शहाणं व्हायला नको का?" मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "दोन वर्षं मी या बियाला जपलं. काल पहिल्यांदा वाटलं, की जपणारी मी एकटी नाही."

त्यानंतर बारा दिवस आकाश कोरडं राहिलं. वहीत रोज शून्य चढत होतं. ज्यांनी ज्यांनी घाईची भाषा केली होती, ते रोज कोरड्या उताराकडे बघून कानाला हात लावायचे. तेराव्या दिवशी पाऊस आला, चौदाव्या दिवशीही आला, आणि पंधराव्या दिवशी सकाळी कासिवाने नळी डोळ्यांसमोर धरली. तिन्ही दिवसांची बेरीज एकतीस झाली होती. तिने शेतात मनगटापर्यंत हात घालून पाहिला, गार चिखल बोटांना चिकटला, आणि मगच किथेकाच्या हातात पहार दिली.

पहिला दाणा दरवर्षी कतुंबीमावशी टाकायची. पाचही वाड्या उतारावर कुदळी घेऊन उभ्या होत्या. मावशीने माठावरची राख बाजूला केली, मूठभर मूग घेतला आणि तो कासिवाच्या ओंजळीत ओतला.

"आधी तू."

"मी?" कासिवाने आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरून आले होते. मुखिया मुसिलीने टोपी काढून हातात धरली होती.

कासिवाने खड्ड्यात तीन दाणे टाकले आणि टाचेने माती सारली. तिला वाटलं आता कोणीतरी भाषण करेल, टाळ्या वाजतील. ती तशीच उभी राहिली.

"बघत काय बसलीस, पोरी?" कतुंबीमावशी कुदळ उचलत म्हणाली. "चल, पुढचा खड्डा. अजून चार हजार आहेत!"